दोन मिनिटं चौदा सेकंद

सव्वीस वर्षं मी सराफांच्या दुकानातली धूळ विकत घेतली,
कोइमतूरच्या एका बोळात, भट्टीच्या तोंडाशी.
झाडूनं लोटलेली, पायपुसण्यातून झटकलेली,
कारागिरांनी हात धुतलेल्या पाण्याच्या तळाशी बसलेली.
मूस तापायची, तेजाब नाकात चढायचा,
आणि शेवटी वाटाण्याएवढं काहीतरी
राखेत निवत पडायचं.
विट्यातल्या कितीतरी घरांचा हाच धंदा. त्यात नवल नाही.

नवल हे, की परत आलो तेव्हा
मुरमाच्या मैदानावर मुली हॉकी खेळत होत्या
आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.
पीटीचे शिंत्रे सर म्हणाले,
तुमच्याकडं फोन बरा आहे. तेवढा धरा.

धरला.
पहिलं वर्ष नुसता चेंडूमागं फिरलो.
गोल झाला की माझाच हात उडायचा,
फोनमध्ये उरायचं फक्त आभाळ.
तसलं पुण्याला पाठवलं, बंगळूरला पाठवलं.
दोन निळ्या खुणा उमटायच्या. मग काही नाही.

शिंत्रे सर म्हणाले, निवडणारा माणूस
दिवसाला दोनशे पोरं बघतो.
गोल सगळ्यांकडं असतात.
जन्मतारीख लिहा, जागा लिहा,
आणि कुणाला बघायचं ते आधी सांगा.
पाठीवरचा नंबर उन्हात दिसला पाहिजे.
तो मी नंबरप्लेटवाल्याकडून ऑइलपेंटनं काढून आणला.

बारा नंबर, अल्फिया मुजावर. लेफ्ट हाफ.
बाप यंत्रमागावर; घरात बोलणं ओरडूनच, मागाच्या सवयीनं.
म्हणून तिची हाक पाण्याच्या टाकीपर्यंत पोचते,
"डावीकडं! सोड, सोड, मी हाय!"
वर्षभरात तिचा गोल एकही नाही.
ती उभी असते तिथून चेंडू पुढं जात नाही,
एवढंच.
जे घडलंच नाही ते फोनमध्ये कसं धरायचं?

टाकीवर चढलो, एकोणसाठाव्या वर्षी, गंजक्या शिडीनं.
खाली अख्खं मैदान, ताटासारखं.
चेंडू सोडून दिला. तिलाच बघत राहिलो तासभर.
चेंडू पार पलीकडं, आणि ही
तीन पावलं आत सरकते, थांबते, आणखी दोन.
समोरची पास द्यायला मान वर करते
तर वाट बुजलेली.
कसोटीच्या दगडावर रेघ ओढावी
आणि काळ्यावर पिवळं उमटावं,
तसं काहीतरी माझ्या पोटात झालं.

तीन मिनिटांचं कापलं. मागं गाणं लावलं नाही.
पाठवलं.

अकराव्या दिवशी पुण्याच्या बाईंचा फोन.
म्हणाल्या, दोन मिनिटं चौदा सेकंदांवर
गोलात कोण आहे?
पॅड दोरीनं बांधलेत तिचे, ढिले आहेत,
तरी पाय वेळेच्या आधी पडतो. कोण ती?

थांबवून थांबवून बघितलं.
कोपऱ्यात, अर्धी चौकटीबाहेर,
जनाई ऐवळे. नववी ब.
तिचं नाव मी कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं.

अल्फियाला सांगताना तोंड वाळलं.
ती हसलीच. "मला ठाऊक हाय की, सर.
मी चेंडू मागं जाऊ देत न्हाई, तर जनी
मलाच शिव्या देती. म्हणती,
एखादा तरी सोड गं, मला बी काम करू दे."
मग स्वतःचे चांगले बूट काढून जनीला दिले.
एक नंबर मोठे निघाले. पुढं कापूस कोंबला.

रात्री घरी आल्यावर ती हसली असेल का,
मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

शुक्रवारच्या एसटीनं जनी गेली.
सोमवारी मी परत टाकीवर.
फोन आता जरा मागं ओढून धरतो,
कडेची पोरंही आत येतील असा.
आमच्या धंद्यात वर्षाअखेरी झाडूसुद्धा जाळतात.
त्यातही असतं.

खालून हाक येते,
"सर, मला बी घ्या हां! जरा डावीकडं!"